न चाललेल्या वाटांची पट्टी : संवादी कथा आणि वाचकांचे पैसे

आजचा प्रश्न अगदी व्यवहारी आहे. कल्पित जग उभं करायला पैसे लागतात. ते वाचकांकडून घ्यायचे ठरवलं, तर नेमके कशाबद्दल घ्यायचे? आणि पैसे देणाऱ्याचा त्या जगावर हक्क किती? आम्ही हा प्रश्न भोर आणि वेल्ह्याच्या मुलखात उभं राहून विचारणार आहोत. वेल्ह्याला सरकारदरबारी आता राजगड तालुका म्हणतात, पण एसटीत बसणारा माणूस अजून वेल्ह्याचंच तिकीट मागतो, म्हणून आम्हीही वेल्हेच म्हणू.

आधी संवादी कथा म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगतो. पडद्यावर कथेचा एक तुकडा येतो, खाली दोन-तीन पर्याय असतात, आणि तुम्ही जो निवडाल त्याप्रमाणे कथा पुढे जाते. समजा, 'तुम्ही मार्गासनीला उतरलात. गुंजवण्याला जाऊन चोर दरवाज्याने राजगड चढायचा, की पाली गावातून पाली दरवाज्याने?' असा तुकडा आहे. एका वाटेवर धनगराचा वाडा लागेल, दुसरीवर नाही. लेखकाला मात्र दोन्ही वाटा लिहाव्या लागतात.

इथेच खर्चाचं गणित बदलतं. कादंबरीत लिहिलेलं पान वाचकासमोर येतं. संवादी कथेत दर वळणावर दोनच पर्याय ठेवले आणि अशी दहा वळणं आली, तर १०२४ शेवट होतात. एवढं कोणी लिहीत नाही. लेखक वाटा फोडतो आणि पुन्हा एका ठिकाणी आणून मिळवतो. मधे काय काय घडलं याची नोंद ठेवतो आणि तिचा परिणाम पुढे दाखवतो. तरीसुद्धा लिहिलेल्यातला बराच मजकूर एका वाचकाच्या वाट्याला कधीच येत नाही. म्हणजे वाचक पैसे देतो ते मुख्यतः आपण न चाललेल्या वाटांसाठी. एवढी एक गोष्ट पक्की धरली, तर बाकीचं व्याख्यान सोपं जाईल.

आता कोणी म्हणेल, जे मी वाचणार नाही त्याचे पैसे मी का देऊ? असं बघा, या मुलखातली माणसं वर्षानुवर्षं तेच करत आली आहेत. गावची जत्रा आली की पट्टी बसते. घरटी अमुक इतके. मुंबईला कामाला गेलेला माणूस त्या वर्षी रजा मिळाली नाही म्हणून जत्रेला आला नाही, तरी त्याच्या घराची पट्टी चुकत नाही. पालखी त्याने पाहिलेली नसते, छबिना नाही, रात्रीचा तमाशा नाही, दुसऱ्या दिवशीच्या कुस्त्याही नाहीत. मग त्याने विकत काय घेतलं? काहीच नाही. जत्रा झाली पाहिजे, आणि ती झाली यात आपण आहोत, एवढ्यासाठी तो पैसे देतो.

तमाशाच्या कनातीत याच्या शेजारीच दुसरा व्यवहार चालतो, तो म्हणजे दौलतजादा. पुढे बसलेला माणूस नोट काढतो, फर्माईश करतो, आणि चाललेला वग थांबवून त्याची लावणी होते. पैसे इथेही प्रेक्षकाचेच असतात, पण त्यातून आज्ञा विकत मिळते. फडातल्या कलावंतांची पोटं दौलतजाद्यावर भरली आहेत, तेव्हा त्याला नाकं मुरडायचं कारण नाही. पण वगाचं काय होतं, ते विचारलंच पाहिजे. ज्याच्या खिशात नोट नाही, तो मागे बसून तुटक वग पाहतो.

वाचकांच्या पैशावर कल्पित जगं उभारण्याचे जे प्रयोग चालतात, ते तपासताना आम्ही हीच फूटपट्टी लावतो. ही पट्टी आहे की दौलतजादा?

मराठीला हा विचार नवा नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो!' आठवड्याआठवड्याने वाचकांपुढे आली. पुढे शिवकाळावरची 'उषःकाल'ही तिथेच आली. वर्गणीदार पैसे देत होता ते अंकाला. अमुक पात्राचं लग्न लावा म्हणून नव्हे. यमूची कहाणी सुखाची करून हवी असणारे वाचक तेव्हाही असणारच. वर्गणीने त्यांना पुढचा अंक मिळाला, कथेची दोरी हरिभाऊंच्याच हातात राहिली. ती कादंबरी आजही टोचते, त्याचं एक कारण हे आहे.

दुसरं उदाहरण केतकरांच्या ज्ञानकोशाचं. तो कल्पित नव्हे, पण जग उभं करण्याचंच काम होतं. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी त्यासाठी मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार गोळा केले, स्वतः गावोगाव फिरले. १९२० च्या दशकात २३ खंड पुरे झाले. आता गंमत बघा. अक्षरवार नोंदी सुरू होण्याआधी पाच प्रस्तावनाखंड आहेत. 'अ' बघायला आलेल्या माणसाला आधी वेदविद्या आणि बुद्धपूर्व जग ओलांडायचं होतं! आणि २३ खंड सगळेच्या सगळे वाचणारा वर्गणीदार विरळाच. आपण न उघडणारी पानं छापली जावीत म्हणून त्या काळच्या मराठी माणसाने पैसे दिले. हे आपल्याला जमतं, याचा तो पुरावा आहे.

आता बाहेर पाहू. अमेरिकेतल्या अँड्र्यू प्लॉटकिन या संवादी कथाकाराने २०१० मध्ये किकस्टार्टरवर 'हेडियन लँड्स' या कथेसाठी वाचकांकडे ८ हजार डॉलर मागितले. मिळाले ३० हजारांवर. नोकरी सोडून तो कामाला लागला आणि कथा हाती आली २०१४ मध्ये. चार वर्षं! मधल्या काळात तो काम कुठवर आलं ते कळवत राहिला. कथा आहे किमयागारीवर चालणाऱ्या, अडकून पडलेल्या एका जहाजाची. विधी शिकायचे, त्यांची सामग्री जमवायची आणि बंद दारं उघडायची. आमच्या मते या कृतीचं मोठेपण तिच्या नियमांत आहे. एकदा शिकलेला विधी पुन्हा करायचा झाला, तर एक आज्ञा पुरते. मधल्या सगळ्या पायऱ्या कथा स्वतःच पार पाडते. त्यामुळे जग वाढत जातं तरी वाचकाचा हमालीचा भार वाढत नाही. असली घडण फर्माईशीवर होत नाही. त्यासाठी एका माणसाला पुरेसा निवांत वेळ लागतो, आणि वाचकांनी दिला तो वेळच. तिथे माणसं पात्रांची ये-जा फारशी नाही, भावनेची ओल कमी पडते, हा आमचा आक्षेप आहे. पण पैशाचा व्यवहार स्वच्छ होता.

ब्रिटनमधल्या 'फॉलन लंडन'ची तऱ्हा वेगळी. २००९ पासून चालू आहे. जमिनीखाली गेलेलं लंडन शहर, आणि त्यात वाचकाने आपला संसार मांडायचा. मूळ वाचन फुकट. मात्र एका बैठकीत ठरावीकच कृती करता येतात; त्या संपल्या की थांबा, नाहीतर पैसे भरा. जे दरमहा वर्गणी देतात, त्यांना कृती जास्त आणि महिन्याला एक नवी कथा. यात पट्टीचा गुण आहे. देणाऱ्यांच्या जोरावर न देणाराही त्या शहरात फिरतो. दोषही तिथेच आहे. वर्गणी दर महिन्याला नवं काहीतरी मागते. अशा शहरात गल्ल्या वाढत जाण्याची ओढ असते, आणि एका गल्लीत खोल उतरण्याची उसंत कमी मिळते. 'करमणूक'लाही आठवड्याचा तगादा होताच. पण हरिभाऊ एकाच घराच्या माजघरात वर्षानुवर्षं बसून राहिले.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. उद्या कोणी मराठीत भोर-वेल्ह्याच्या मुलखावर संवादी कथा करायला घेतली आणि वाचकांकडे हात पसरला, तर काय होईल? पैसे मिळतील, यात आम्हाला शंका नाही. राजगडावर शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची केवढी गर्दी लोटते ते आपण बघतो. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी वारशाचे म्हणून जे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत राजगड आहे. तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगड बांधला, ही कथा शाळेतलं पोर सांगेल. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या, बालेकिल्ला, झुंजार माची या सगळ्यांना पैसे मिळतील. एकेक बुरूज, एकेक टाकं लिहून होईल.

पण पैसे देणारा ज्या वाटेने चालतो, तीच वाट लिहिली जाईल. किल्ले उंचावर आहेत. खाली खोऱ्यांत काय आहे? धरणं आहेत. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव. भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणच्या उसाला गेलं. पानशेतचं पुण्याच्या नळाला येतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्याला आपण 'पुण्याचा पूर' म्हणतो. धरण वेल्ह्यात, गावं उठली ती तिथली, पण आठवण पुण्याच्या नावावर जमा झाली. आठवणीचंही पाण्यासारखंच आहे. जिथे पैसा आहे तिकडे कालवा निघतो.

उन्हाळ्यात भाटघरचं पाणी ओसरलं की वेळवंडीच्या खोऱ्यात कांबऱ्याचं महादेवाचं देऊळ उघडं पडतं. पाऊस लागला की पुन्हा पाण्याखाली. संवादी कथेसाठी याहून चांगलं ठिकाण शोधून सापडणार नाही. वर्षातल्या ठरावीक दिवसांतच उघडणारी वाट! एखादा नातू येतो, आजीने सांगितलेल्या खुणा शोधतो. घराचं जोतं शोधायचं, की देवळात जायचं, की परत फिरायचं? मे महिना निवडला तर देऊळ, ऑगस्ट निवडला तर नुसतं पाणी. पण ही वाट लिहायचे पैसे कोण देणार? ज्यांची ती आहे, त्यांच्या पुढच्या पिढ्या कुठे कुठे पांगल्या. आणि पैसे भरणाऱ्याला तर गड चढायचा आहे.

म्हणून देणगीच्या पायऱ्या लावण्याच्या प्रथेवर आमचा आक्षेप आहे. अमुक दिले तर कथेत तुमच्या नावाचं पात्र, त्याहून जास्त दिले तर तुमच्या पसंतीचा प्रसंग. दुसऱ्या ग्रहावरच्या कथेत हे चालून जाईल. इथे नाही. हिरडस मावळात बांदल, रोहिडखोऱ्यात जेधे, गुंजण मावळात सिलीमकर ही आडनावं कागदपत्रांत आहेत आणि आज गावांतही आहेत. पाच हजार भरून ज्याने आपल्या आडनावाचा मावळा कथेत घातला, त्याने एक शोभेचं पात्र घेतलं असं त्याला वाटेल. गावाला मात्र तो इतिहासात मारलेला हक्क वाटेल. वतनाचे वाद या खोऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या पाहिलेत. त्यात ही भर कशाला?

मग कसं मागायचं? जत्रेची पट्टी तीन गोष्टी शिकवते, असं आम्हाला वाटतं. एक, रक्कम लहान आणि सगळ्यांना सारखी असावी. जास्त देणाऱ्याचं नाव ध्वनिक्षेपकावर जरूर पुकारा, पण पालखीची वाट त्याच्या दारावरून वळवू नका. दोन, हिशोब भिंतीवर लावा. किती जमले, किती खर्चले, किती वाटा लिहून झाल्या, किती राहिल्या. प्लॉटकिनला चार वर्षं वाचकांनी धीर दिला, तो कामाची खबर मिळत होती म्हणून. तीन, पट्टी न देणाऱ्यालाही जत्रेत येऊ द्या. वेल्ह्याच्या शाळेतल्या मुलीला स्वतःच्याच तालुक्यावरची कथा पैसे भरल्याशिवाय उघडत नसेल, तर ते जग कुणासाठी बांधलं?

याला एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. पट्टीमागे गावाचा धाक असतो. न देणाऱ्याला नावं ठेवली जातात. पसरलेल्या, अनोळखी वाचकांत तो धाक नाही. तिथे लोक काहीतरी हाती पडल्याशिवाय पैसे सोडत नाहीत. हे खरं आहे. पण ज्ञानकोशाच्या वर्गणीदाराला कोणता धाक होता? आपल्या भाषेत अशी वस्तू असावी, एवढंच त्याला पटवलेलं होतं. ते पटवायला केतकरांना गावोगाव चपला झिजवाव्या लागल्या. नुसता क्यूआर कोड चिकटवून ते होणार नाही.

शेवटी समीक्षक म्हणून एक सांगतो. अशी कथा निघाली, तर तिचा कस बालेकिल्ल्यावर लागणार नाही. तो भाग चांगला होईलच. आम्ही आधी ऑगस्ट निवडू आणि वेळवंडीच्या काठाला जाऊ. तिथे नुसतं पाणी असेल, आणि त्या पाण्याबद्दल चार ओळी जरी मन लावून लिहिलेल्या असतील, तर वाचकांचे पैसे योग्य जागी गेले, असं आम्ही म्हणू. बहुतेक वाचक तिथे येणारही नाहीत. त्यांच्या पट्टीतून ती वाट झालेली असेल, एवढं पुरे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.