रेषेची पुनरावृत्ती आणि अमूर्ताचा शोध : नसरीन मोहमदी यांच्या रेखाचित्रांच्या संदर्भात

प्रस्तावना :
अमूर्त चित्रासमोर आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो 'हे कशाचे चित्र आहे?' हा. उमरग्यासारख्या तालुक्याच्या गावी विद्यार्थ्यांचा चित्रकलेशी औपचारिक परिचय होतो तो बहुधा एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय परीक्षांतून. तेथे रेषा प्रामुख्याने वस्तूची कड दाखविते. आकार पूर्ण झाला की तिचे कार्य संपते. त्यामुळे केवळ रेषांचेच चित्र समोर आले की ते एकतर नक्षी ठरते, नाहीतर हाताचा चाळा. नसरीन मोहमदी (१९३७-१९९०) यांची रेखाचित्रे या दोन्ही समजुतींना छेद देतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

जडणघडण :
कराचीत जन्मलेल्या नसरीन यांचे बालपण मुंबईत गेले. १९५४ ते १९५७ या काळात त्यांनी लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत शिक्षण घेतले. पुढे काही काळ त्या पॅरिसमध्ये होत्या. मुंबईच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना वासुदेव गायतोंडे यांचा सहवास लाभला. १९७२ पासून त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापन केले. अलिबागजवळील किहीम येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या बहुतेक चित्रांना शीर्षक नाही. त्यामुळे अर्थासाठी नावाचा आधार घेता येत नाही.

पुनरावृत्तीचे स्वरूप :
१९७० च्या दशकातील चित्रांत शाईच्या व पेन्सिलीच्या बारीक रेषांची जाळी दिसते. सोलापूरचा हातमाग पाहिलेल्यास ताण्याबाण्याची आठवण व्हावी. परंतु मागावरील नक्षी आधीच ठरलेली असते. ठिपक्यांच्या रांगोळीतही ठिपके मोजूनच मांडलेले असतात. येथे मात्र रेषांमधील अंतर कोठे दाटते, कोठे विरळ होते. एखादी रेषा मध्येच थांबते, एखादी जेमतेम दिसते.

यावर असा आक्षेप संभवतो की, पट्टी व आरेखनाची साधने वापरणाऱ्या चित्रकर्तीच्या बाबतीत अंतःप्रेरणेची भाषा कशी करावी? वस्तुतः साधन रेषेचा सरळपणा सांभाळते. पुढची रेषा किती अंतरावर घ्यावी आणि कोठे थांबावे हे ते सांगत नाही. हाताची लकब बाजूला सारल्यामुळे हा निर्णयच उघडा पडतो. जेथे अंतरे अगदी समान राहतात, अशा काही जाळ्या वस्त्राच्या पोताजवळ जातात व तेवढ्याच उण्या वाटतात, हेही नमूद केले पाहिजे.

समीक्षकांनी त्यांची तुलना अ‍ॅग्नेस मार्टिन (१९१२-२००४) यांच्याशी केली आहे. मार्टिन यांची जाळी सामान्यतः पृष्ठभागाला समांतर व स्थिर राहते. नसरीन यांच्या १९८० च्या दशकातील रेषा तिरक्या होतात, कागदाचा मोठा भाग कोरा सोडतात. याच काळात मज्जासंस्थेच्या आजाराने त्यांच्या हालचालींवर मर्यादा येत होत्या. तथापि या चित्रांना केवळ जिद्दीची कथा मानणे अपुरे ठरते. रेषा कमी झाल्या तसा प्रत्येक रेषेवरचा भार वाढला, हे कलात्मक सत्य चित्रातच दिसते.

निष्कर्ष :
पुनरावृत्ती म्हणजे नक्कल नव्हे. आधीच्या रेषेने निर्माण केलेली परिस्थिती पाहून पुढची रेषा घेणे, ही तिची खरी कसोटी होय. छापील मंडल-आकृत्या रंगविण्याने मन शांत होत असेल. परंतु तेथे हा निर्णय दुसऱ्याने आधीच घेतलेला असतो. आपल्या वर्गांतून 'हे कशाचे चित्र आहे?' याबरोबर 'ही रेषा येथेच का थांबली?' असेही विचारले गेले, तर अमूर्त चित्र ग्रामीण विद्यार्थ्यालाही परके वाटणार नाही.