रोखलेली बंदूक : शांतिसेनेची तयारी आणि आपले लष्करी लेखन

लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात हे नाव मराठी वाचकाला माहीत असते ते १९६२ मुळे. पूर्व विभागाचे सेनापती असताना त्यांनी चीनविषयी दिलेला इशारा, तो कोणी मनावर न घेणे आणि पुढचा पराभव ही कहाणी आपल्याकडे अनेकदा सांगून झाली आहे. त्या गडबडीत एक गोष्ट बाजूला पडली. या कोल्हापूरकर सेनानीने त्याआधी नऊ वर्षे एक अगदी वेगळ्या जातीची मोहीम चालवली होती. १९५३ च्या उत्तरार्धापासून १९५४ च्या फेब्रुवारीपर्यंत ते कोरियात होते. हुद्दा मेजर जनरलचा, हाताखाली सुमारे सहा हजारांची भारतीय फौज, आणि समोर शत्रू म्हणावा असा कोणी नाही.

२७ जुलै १९५३ रोजी कोरियात युद्धबंदी झाली. घोडे अडले होते ते कैद्यांवर. संयुक्त राष्ट्रसंघाच्या बाजूने पकडलेल्या चिनी आणि उत्तर कोरियन कैद्यांपैकी २२,६०४ जण मायदेशी परतायला तयार नव्हते. पैकी १४,७०४ चिनी आणि ७,९०० कोरियन. उलट बाजूलाही घरी न जाणारे ३५९ होते. या सगळ्यांना तटस्थांच्या ताब्यात ठेवावे, त्यांच्या देशाच्या प्रतिनिधींनी त्यांना समजावून सांगावे आणि मग ज्याने त्याने ठरवावे, अशी तडजोड निघाली. त्यासाठी पाच देशांचा आयोग नेमला गेला. अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या, आणि कैदी सांभाळणारी फौज फक्त भारताची. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैनिकाचे पाऊल आपल्या मातीवर पडू देणार नाही, अशी भूमिका घेतली. म्हणून जवानांना इंचॉनच्या बंदरातून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तिथे उभ्या राहिलेल्या छावणीला नाव पडले हिंदनगर.

काटेकोर बोलायचे तर ही युनोची शांतिसेना नव्हे. युनो त्या युद्धात स्वतःच एक पक्ष होती. निळी शिरस्त्राणे आली ती नंतर, १९५६ साली, सुएझच्या प्रकरणात. तरीही शांतिरक्षणासाठी सैनिकाची तयारी कशी करावी हा प्रश्न भारतीय लष्करापुढे पहिल्यांदा नीट उभा राहिला तो हिंदनगरात, असे माझे मत आहे. थोरातांच्या हाताखालच्या जवानांना यासाठी वेगळे प्रशिक्षण देणारी संस्था नव्हती, पुस्तिका नव्हती, अभ्यासक्रम नव्हता. मग त्यांच्याकडे काय होते?

दोन गोष्टी होत्या. एक, दुसऱ्या महायुद्धाचा ताजा अनुभव. स्वतः थोरातांनी १९४५ मध्ये आराकानात कांगॉच्या लढाईत बटालियन चालवली होती. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, पण लष्करी इतिहासात तिला मान कमी. ती म्हणजे मुलकी सत्तेला साहाय्य करण्याची जुनी कवायत. जालियनवाला बागेनंतर ब्रिटिशांना 'किमान बळ' हे तत्त्व कागदावर पक्के करावे लागले. आधी इशारा, मग मोजून गोळी, आणि जमाव पांगला की गोळीबार बंद. फाळणीच्या दंगलींत याच फौजेने ते भलेबुरे वापरून पाहिले होते. समोरचा माणूस संतापलेला आहे, कदाचित आपल्या जिवावर उठलेला आहे, तरी तो शत्रू नाही. हा धडा या जवानांनी वर्गात बसून घेतला नव्हता. तो अमृतसर, लाहोर आणि दिल्लीच्या रस्त्यांवरून आला होता. कोरियातले यश भारतीयांच्या उपजत शांतताप्रियतेचे फळ, असे आपल्याकडे समारंभांत म्हणतात. मला ते पटत नाही. ती तालमीची गोष्ट होती, आणि त्या तालमीचा उगम फारसा अभिमानाचा नाही.

थोरातांनी 'माझी शिपाईगिरी' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. इंग्रजीतही 'फ्रॉम रेव्हिली टू रिट्रीट' आहे. थिमय्यांचे कोरियावरचे 'एक्स्पेरिमेंट इन न्यूट्रॅलिटी' त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. या लेखनातून एक प्रसंग पुढे अनेक ठिकाणी गेला. चिनी कैद्यांच्या एका आवारात त्यांनी ग्रेवाल नावाच्या मेजरला पकडून ठेवले. हे कैदी कम्युनिस्टविरोधी, कडवे, संघटित. आत हजारो, बाहेर भारतीय जवान बंदुका घेऊन. थोरात निःशस्त्र आत गेले, कैद्यांच्या म्होरक्यांशी बोलले आणि मेजरला घेऊन बाहेर आले.

हा प्रसंग सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात, कारण गोष्ट इथे छान संपते. पण आत जाणाऱ्या सेनापतीपेक्षा मला बाहेर थांबलेला जवान अधिक खुणावतो. आपला अधिकारी आत अडकलेला, सेनापती आत गेलेले, बोट घोड्यावर, आणि करायचे काय तर काही नाही. मराठीत 'बंदूक रोखणे' म्हणजे नेम धरणे, आणि 'रोखणे' म्हणजे आवरणेही. शांतिसैनिकाला ही दोन्ही कामे एकाच क्षणी करावी लागतात. त्या जवानाची तालीम कशी झाली, रात्री त्याच्या सुभेदाराने त्याला काय सांगितले, यावर आपल्या लेखनात ओळ सापडणे कठीण.

आता त्या यशाची दुसरी बाजू. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गोळीबार करावाच लागला आणि कैदी मेले. त्याहून कठीण गोष्ट आवारांच्या आत चालली होती. कैद्यांच्या म्होरक्यांनी आत आपली सत्ता बसवली होती. ज्याला गुपचूप घरी परतायचे होते त्याला ते बोलायची सोय नव्हती. काहींचे आतल्या आत खून पडले. ती सत्ता मोडायची तर आवारात बळाने शिरावे लागले असते आणि त्यात शेकडो माणसे पडली असती. थिमय्या आणि थोरात यांनी ते टाळले. समजावणीचे काम १५ ऑक्टोबरला सुरू झाले आणि २३ डिसेंबरला मुदत संपली, तेव्हा बहुतांश कैदी समजावणीच्या तंबूपर्यंत आलेच नव्हते. २२,६०४ पैकी मायदेशी परतले ६२८.

निर्णय चुकला असे मी म्हणत नाही. त्यांच्या जागी दुसरे काही करता आले असते, असे मला वाटतही नाही. पण संयमाची किंमत संयम पाळणाऱ्याने मोजली नाही. ती आवारातल्या दुबळ्या कैद्याने मोजली. शांतिसैनिकाला 'गोळी आवर' एवढेच शिकवून भागत नाही, हे कोरियाने १९५३ मध्येच दाखवले होते. आपण त्यातला अर्धाच धडा उचलला, कारण तेवढाच गौरवाचा होता.

पुढे काँगो. ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिलला कॅप्टन गुरुबचनसिंग सलारिया यांनी मोजक्या गुरख्यांनिशी रस्ता अडवणाऱ्या मोठ्या तुकडीवर हल्ला चढवला आणि प्राण दिले. युनोच्या मोहिमेत मिळालेले हे एकमेव परमवीरचक्र. मुलांच्या शौर्यकथांत ते असतेच, असायलाही हवे. मात्र त्या कथांतून काँगो पुसून टाकला तर ती खेमकरणची किंवा कारगिलची कथाही होऊ शकेल. युनोचा सैनिक काटांगात लढत का होता, फेब्रुवारी १९६१ च्या ठरावाने त्याला शेवटचा उपाय म्हणून बळ वापरायची मुभा कशी मिळाली, याचा पत्ता नसतो. आपल्याकडे शांतिसेना लेखनात शिरते ती युद्धाचा पोशाख घालूनच.

थोरातांनंतरचे दुसरे नाव सतीश नंबियार यांचे. जन्म मुंबईचा, फौज मराठा लाइट इन्फन्ट्री, १९७१ चे वीरचक्र. मार्च १९९२ पासून वर्षभर ते माजी युगोस्लाव्हियातल्या युनो फौजेचे पहिले सेनापती होते. जिथे राखायला शांतताच नव्हती तिथे शांतिसेना पाठवली की काय होते, ते त्यांनी जवळून पाहिले. वर्ष संपल्यावर मुदतवाढ न घेता ते परतले. त्यानंतर १९९४ मध्ये रुवांडा आणि १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा झाले. निळी टोपी समोर असताना माणसे मारली गेली. रुवांडातले कॅनेडियन सेनापती डॅलेअर यांनी त्यावर स्वतःला न वाचवणारे पुस्तक लिहिले. त्या तोडीचे पुस्तक भारतीय सेनानीकडून मला हवे आहे.

२००० चा पावसाळा या विषयात फार गर्दीचा आहे. जुलैत सिएरा लिओनमध्ये, कैलाहुनला अडीच महिने वेढ्यात अडकलेल्या गुरख्यांना भारतीय फौजेने 'ऑपरेशन खुकरी'त लढून बाहेर काढले. ऑगस्टमध्ये ब्राहिमी अहवाल आला. नागरिकांवरचा हिंसाचार दिसत असेल तर आपल्या कुवतीत तो थांबवण्याचा अधिकार शांतिसैनिकाला आहे असेच धरावे, असे त्याने बजावले. सप्टेंबरमध्ये दिल्लीत युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनच्या छत्राखाली शांतिरक्षण प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. तेव्हा इन्स्टिट्यूशनचे संचालक होते नंबियार. पुढे 'फॉर द ऑनर ऑफ इंडिया' हा भारतीय शांतिमोहिमांचा इतिहासही त्यांच्या संपादनाखाली निघाला.

केंद्रात निरीक्षक, मुख्यालयातले अधिकारी, तुकड्यांचे अधिकारी यांचे अभ्यासक्रम चालतात. परदेशी अधिकारीही शिकायला येतात. बळ कधी वापरायचे, स्त्रिया आणि मुलांचे संरक्षण, वर्तणुकीचे नियम हे सारे विषय आहेत. जवानाच्या खिशात नियमांचे कार्ड असते. १९५३ च्या मानाने ही तयारी कितीतरी पद्धतशीर आहे.

आणि तरीही किवांजा घडले. ४ आणि ५ नोव्हेंबर २००८. काँगोच्या उत्तर किवू प्रांतातले गाव. न्कुंडाच्या बंडखोरांनी घराघरांतून पुरुष ओढून काढले. किमान १५० मेले, असा 'ह्यूमन राइट्स वॉच'चा हिशेब आहे. दीड किलोमीटरच्या आत युनोचा तळ होता, तळावर शंभरावर शांतिसैनिक होते, आणि ते भारतीय होते. प्रांत अफाट, माणसे अपुरी, मोठ्या गावांवर चाल झालेली; कारणे खरी आहेत. पण त्या तळाविषयीच्या वृत्तांतांत एक बारीक तपशील आहे. गावाची भाषा बोलणारा दुभाषा त्यांच्याकडे नव्हता. गावात काय चालले आहे हे सांगायला कोणी आले तरी ते कळणार कसे? याच सुमारास काँगोतल्या भारतीय तुकडीतल्या काहींवर लैंगिक शोषणाचे आरोप झाले, चौकश्या झाल्या. त्यावरही मराठीत मौनच आहे.

संयमाची तालीम किवांजाच्या तळाकडे होती. तिला डोळे आणि कान नव्हते. हिंदनगरात आवाराच्या तारेआड जे झाले तेच इथे तळाच्या भिंतीबाहेर झाले. आत-बाहेर तेवढे उलटे. पंचावन्न वर्षांच्या अंतराने तोच प्रश्न उभा राहिला, आणि दरम्यान आपण त्यावर लिहिले नव्हते. प्रशिक्षण केंद्रे प्रसंग अभ्यासायला घेतात. ते प्रसंग कोणीतरी आधी प्रामाणिकपणे लिहून ठेवावे लागतात. गौरवग्रंथातून धडा तयार होत नाही.

भारताने आजवर अडीच लाखांहून अधिक सैनिक-पोलीस युनोच्या मोहिमांत पाठवले आणि सर्वाधिक प्राण गमावलेल्या देशांत आपण आहोत. त्यात सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकणातली मुले असणार हे उघड आहे. आमच्या आंबिवली-टिटवाळ्याच्या पट्ट्यातही निवृत्त जवान पुष्कळ. कोणी 'यूएनला' जाऊन आला म्हटले की लोक आधी विचारतात, डॉलर किती मिळाले? तो बिचारा हसून सांगतो आणि विषय तिथेच संपतो.

कोरियाची पिढी आता आपल्या हाती फारशी राहिलेली नाही. सोमालिया, सिएरा लिओन आणि काँगोची आहे. पन्नाशी-साठीत आहे, इमारतीच्या फाटकावर पहारेकरी आहे, बँकेच्या दारात आहे. त्यांना विचारायला मोठी प्रश्नावली नको. जाण्यापूर्वी किती आठवडे तयारी झाली? कार्डावरचे नियम कोणत्या भाषेत होते, आणि तुम्हाला मराठीत कोणी समजावले? दुभाषा कोण होता, त्याच्यावर विश्वास होता का? तळाच्या फाटकाशी येऊन कोणी रात्री काही सांगितले, तेव्हा फाटक उघडायचे की नाही हे कोण ठरवत असे?