'अंतरीय' आणि अंतर्वस्त्र : स्त्रीवस्त्रवाचक शब्दांच्या अर्थनिश्चितीचा प्रश्न

प्राचीन वाङ्मयातील स्त्रीवेषाचा विचार करताना अभ्यासकाची पहिली फसगत एका साध्या शब्दसाम्यामुळे होते. संस्कृतात 'अंतरीय' हा शब्द आढळला की तो आजच्या 'अंतर्वस्त्रा'चा पूर्वज असावा, अशी समजूत सहज होते. वस्तुतः अमरकोशात अंतरीय, उपसंव्यान, परिधान आणि अधोंशुक हे चार शब्द एकाच अर्थाचे म्हणून दिले आहेत, आणि तो अर्थ कमरेखाली नेसावयाचे वस्त्र एवढाच आहे. ते चारचौघांत दिसणारे वस्त्र होते. त्याच्या आत दुसरे काही असे वा नसे. 'अंतर' या शब्दाने येथे उत्तरीयाशी असलेला संबंध सूचित होतो, गुप्तता नव्हे. हा भेद ध्यानात न घेता काव्यातील वर्णने वाचली, तर कवीने न लिहिलेला शृंगार त्याच्या पदरी बांधला जातो.

स्त्रीच्या खऱ्या आतील वस्त्रांची नावे मग कोठे शोधावयाची? कोशांचा उपयोग येथे मर्यादित आहे. पद्यबद्ध कोश कवींच्या सोयीसाठी रचलेले असल्यामुळे पर्याय एकत्र करणे हा त्यांचा धर्म ठरतो. अमरकोशाने 'चोल' आणि 'कूर्पासक' यांना एका ओळीत बसविले, 'अर्धोरुक' आणि 'चंडातक' यांना दुसऱ्या. पण बाही कोठवर, शिवण आहे की नाही, गाठ पुढे की मागे, या प्रश्नांना तेथे उत्तर नाही. पर्यायशब्द हे एकाच वस्तूचे वाचक असतातच असे नाही. पुष्कळदा ते एका छंदात बसणाऱ्या शेजारच्या वस्तूंचे वाचक असतात.

'कंचुक' या शब्दाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. संस्कृत नाटकांतील 'कंचुकी' हा अंतःपुरातील वृद्ध अधिकारी. त्याचे नावच त्याच्या अंगरख्यावरून पडले. सापाच्या कातीलाही कंचुकच म्हणतात. गाथासप्तशतीच्या महाराष्ट्री प्राकृतात 'कंचुअ' स्त्रीच्या वक्षाशी निगडित होतो. बाणाच्या हर्षचरितात पहिल्या उच्छ्वासात घोड्यावरून येणाऱ्या मालतीच्या अंगात पायघोळ, शुभ्र आणि अतिशय तलम असा कंचुक आहे. आणि त्यातून आतले कुसुंबी रंगाचे, ठिपक्यांच्या नक्षीचे चंडातक स्पष्ट दिसते. येथे कंचुक बाहेरचा व चंडातक आतले, हे बाणाने निःसंदिग्धपणे दाखविले आहे. 'कंचुक म्हणजे चोळी' हे समीकरण मनात धरून हा उतारा वाचणारास मालतीचा वेष कळणारच नाही.

याहून मोलाचा पुरावा काव्याबाहेर आहे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. संघदासगणीच्या बृहत्कल्पभाष्यात जैन साध्वींच्या वस्त्रांची यादी येते. प्रथम नावेच्या आकाराचे अवग्रहानंतक, ते धरून ठेवणारा कमरेचा पट्ट, त्यावर अर्धोरुक, मग गुडघ्यापर्यंतची, न शिवलेली चलनिका, त्यानंतर अभ्यंतर-निवसनी आणि सर्वांवर बहिर्निवसनी. कमरेच्या वरच्या भागासाठी कंचुक, औपकक्षिकी, वैकक्षिकी इत्यादी वस्त्रे निराळी. या यादीतला कंचुकही न शिवलेला आहे! म्हणजे ज्या शब्दाने अंतःपुरातील अधिकाऱ्याचा अंगरखा आणि मालतीचे पायघोळ वस्त्र दर्शविले, त्याच शब्दाने साध्वीचे छाती झाकणारे साधे कापड दर्शविले जाते. 'अभ्यंतर' आणि 'बहिर्' ही विशेषणे या भाष्याने नावातच घातली, याचे कारण उघड आहे. कवीला वस्त्र सूचित करून भागते. नियम सांगणाऱ्याला ते नेमके सांगावे लागते.

या शब्दांकडे गंभीरपणे पाहण्याचे श्रेय गेल्या शतकातील काही पंडितांना द्यावे लागते. मोतीचंद्र यांचा 'प्राचीन भारतीय वेशभूषा' हा हिंदी ग्रंथ, घुर्ये यांचे 1951 मधील भारतीय वेषावरील इंग्रजी पुस्तक आणि वासुदेवशरण अग्रवाल यांचे 1953 मधील हर्षचरिताचे सांस्कृतिक अध्ययन यांनी शब्द, शिल्प आणि चित्र एकत्र वाचण्याचा मार्ग घालून दिला. शिवलेले कपडे भारतात फार उशिरा आले, हे ढोबळ विधान ऋतुसंहारातील थंडीच्या दिवसांतले कूर्पासक आणि अजिंठ्याच्या चित्रांतील बाह्यांची वस्त्रे यांच्यापुढे टिकत नाही. मात्र उलट टोकाला जाऊन प्रत्येक कंचुक शिवलेला मानणे हीही तेवढीच मोठी चूक होय.

मराठीत हाच प्रश्न अधिक जवळून तपासता येतो. परकर-पोलके घालणाऱ्या मुलीचा परकर हे बाहेरचे वस्त्र. तीच मुलगी गोल पातळ नेसू लागली की परकर आत जातो आणि त्याच्या नाडीवर निऱ्या खोचल्या जातात. कासोट्याच्या नऊवारी लुगड्यात तर त्याला जागाच नव्हती. खणाची गाठीची चोळी अंगालगत असूनही अंतर्वस्त्र नव्हती, कारण तिच्यावर पदराखेरीज काही नसे. झंपर आणि ब्लाऊज आल्यावर त्यांच्या आत 'बॉडी' आली, आणि आत-बाहेर हा भेद वरच्या अंगालाही लागू झाला. हे उसने शब्दही असेच फिरते आहेत. इंग्रजीतील 'बॉडिस' हे मुळात 'बॉडी'चेच अनेकवचन. 'ब्रेसियर' हा फ्रेंचमध्ये तान्ह्या मुलाच्या अंगड्याचा वाचक होता, आणि आज फ्रेंचमध्ये त्या स्त्रीवस्त्रास सामान्यतः 'सुत्याँ-गॉर्ज' म्हणतात. घरातील बायका या सर्वांना मिळून 'आतले कपडे' म्हणत. तो केवळ संकोच नव्हे. वस्त्राची ओळख त्याच्या जागेवरून करण्याची ती अचूक रीत आहे.

यावरून अर्थनिश्चितीच्या तीन कसोट्या निघतात : वस्त्र कोणत्या थरात आहे, ते शिवलेले की बांधलेले, आणि ते कोणाच्या अंगावर आहे. या तिन्हींचे उत्तर मिळाल्याखेरीज केवळ कोशाच्या आधारे केलेला अनुवाद अपुरा समजावा. हा प्रश्न शब्दांपुरता नाही. स्त्रियांच्या नित्याच्या जीवनाविषयी जुन्या वाङ्मयात जी थोडी माहिती शिल्लक आहे, ती बहुधा अशाच शब्दांत दडलेली आहे; ते सरसकट 'चोळी' म्हणून भाषांतरित केले की ती माहितीही पुसली जाते. मराठीपुरते पाहता गाठीची चोळी बेतणारे शिंपी आणि ती वापरलेल्या वृद्धा अजून बोलावयास आहेत. त्यांची शब्दसंपत्ती नोंदविणे हे काम ग्रंथालयातील कामाइतकेच तातडीचे आहे. कारण त्यांच्यासाठी कोणी बृहत्कल्पभाष्य लिहून ठेवलेले नाही.