पंख्याला सूर नसावा

नॉक्टुआचा 'एनएफ-ए१२एक्स२५' हा पंखा दिसायला रूपवान नाही. चॉकलेटी पाती, फिकट बदामी चौकट. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात रंगीत दिवे लुकलुकणाऱ्या पंख्यांच्या रांगेत तो मांडला, तर गिऱ्हाईक आधी रंगाला नाक मुरडतं आणि मग किमतीला. ऑस्ट्रियातल्या या कंपनीने तो २०१८ साली बाजारात आणला. त्याआधी चार वर्षांहून जास्त काळ ती त्याच्यावर काम करत होती. वीतभरसुद्धा नसलेल्या पंख्यावर चार वर्षं! ती कशात गेली हे पाहण्यात मोठी मौज आहे, आणि टीव्हीखाली ठेवायचा सिनेमाचा कॉम्प्युटर जुळवायला बसलेल्या माणसाने तर ते पाहायलाच हवं.

खोक्यावर दोन आकडे ठळक असतात: कमाल वेग मिनिटाला २००० फेरे, आवाज २२.६ डेसिबल. बहुतेकांची निवड इथेच संपते. ज्याचा आकडा लहान, तो पंखा घ्यायचा. पण या डेसिबलला कंसात एक 'ए' चिकटलेला असतो. माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून मोजताना १०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज सुमारे १९ डेसिबलनी कमी धरतात, दोन-चार हजार हर्ट्झचा किंचित वाढवून धरतात, आणि सगळ्याची बेरीज करून एकच आकडा छापतात. या बेरजेत नेमकी हवी ती गोष्ट हरवते: आवाजाला सूर आहे का? पंखा वारा ढकलतो तेव्हा असंख्य कंपनसंख्यांचा मिळून एक नुसता उच्छ्वास निघतो. कान त्याला थोड्याच वेळात विसरतो. त्यातून एखादी ठरावीक कंपनसंख्या मात्र डोकं वर काढू लागली, की ती आकड्यात कितीही क्षुल्लक असो, कान तिच्यामागे लागतो. गाण्यात ज्या सुरासाठी आपण जीव टाकतो, तोच इथे दोष.

हे पारखायला बॉम्बस्फोटांचा सिनेमा काही उपयोगाचा नाही. मी चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' लावतो. २०२० साली व्हेनिसला त्याच्या पटकथेला पुरस्कार मिळाला होता. पण मला हवं असतं ते त्याचं ध्वनिमुद्रण. सिनेमाचा नायक, शास्त्रीय गायन शिकणारा शरद नेरूळकर, रात्री मुंबईच्या ओस रस्त्यावरून मोटरसायकलवर चालला आहे, गती संथ केलेली, मागे तंबोरा, आणि त्यावर गायिका माईंचं बोलणं, सुमित्रा भावे यांच्या आवाजात. तंबोरा परक्या सुराला क्षणात उघडा पाडतो. कॉम्प्युटर आपला वेगळा षड्ज लावून बसला असेल, तर या प्रसंगात तो लपत नाही.

तो षड्ज मोजताही येतो. पात्यांची संख्या गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले साठ. बाजारातल्या अनेक पंख्यांना सात पाती असतात. असा पंखा ११८८ फेऱ्यांवर फिरला की उत्तर येतं १३८.६ हर्ट्झ, म्हणजे चक्क काळी एक! नॉक्टुआच्या या पंख्याला नऊ पाती आहेत, तेव्हा तो ९२४ फेऱ्यांवरच तिथे पोहोचतो. ७२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कचा मूळ स्वर १२० हर्ट्झ. काळी एकच्या खाली उतरलात तर तो काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोब्बर मधोमध सापडतो. बेसूर असावं तर किती!

आता पंख्याची चौकट डोळ्यांजवळ धरा. पात्याचं टोक आणि आतली भिंत यांच्यात फक्त अर्धा मिलिमीटर फट आहे. पंख्याच्या पुढच्या बाजूला दाबाखाली आलेली हवा टोकावरून मागे निसटते, आणि या निसटण्यात दाबही जातो नि आवाजही होतो. फट जितकी कमी तितकं हे कमी, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. अडचण अशी, की साधं प्लास्टिक फिरण्याच्या ताणाने आणि उष्णतेने वर्षानुवर्षं हळूहळू लांबतं. आज अर्धा मिलिमीटर ठेवलेलं पातं पुढे कधीतरी भिंतीला घासणार. म्हणून पात्यांसाठी 'स्टेरॉक्स' नावाचं द्रवस्फटिक जातीचं, ताणाला न बधणारं पॉलिमर घेतलं आणि मधल्या तुंब्याला धातूची जोड दिली. चार वर्षांतला मोठा वाटा या अर्ध्या मिलिमीटरने खाल्ला असणार, असा माझा तर्क आहे.

मला त्याहून आवडते ती हवा आत शिरते त्या कडेवरची पायरी. आपली समजूत अशी, की आवाज नको असेल तर वाट गुळगुळीत हवी. इथे ती मुद्दाम खडबडीत केली आहे. पायरीवर अडखळून हवा पात्यांशी पोहोचण्याआधीच विस्कटते. त्यामुळे पात्यावर आदळताना तिचा जो ठाशीव सूर निघाला असता तो मोडतो आणि आजूबाजूच्या कंपनसंख्यांत पांगतो. आतल्या भिंतीवर बारीक नक्षी कोरली आहे, तीही याच कामाची. पातं जवळून जाताना उठणारा स्वर तिने दबतो. म्हणजे या कारागिरांनी आवाज नुसता घटवला नाही, उरलेल्याचं रूपही बदललं. बाजारातले पुष्कळ पंखे आकड्यात याच्या आसपास येतात. हा विचार मात्र फार थोड्यांत दिसतो.

पंख्याची चौथी तारही पाहण्यासारखी आहे. तिच्यातून मदरबोर्ड पंख्याला वेग सांगतो, तो सेकंदाला सुमारे २५,००० स्पंदनांनी. माणसाचा कान २०,००० हर्ट्झवर थांबतो. सूर आहेच, फक्त तो आपल्या हद्दीबाहेर नेऊन ठेवला आहे.

एवढं सगळं करून हा पंखा २००० फेऱ्यांवर पळवणं म्हणजे त्याचा अपमान. गती निम्मी केली तर हवा निम्मी होते, आवाज मात्र साधारण १५ डेसिबलनी पडतो. सिनेमाच्या कॉम्प्युटरला पाच-सहाशे फेरे पुरतात. म्हणून कॅबिनेट निवडताना १२० मिलिमीटरचा पंखा मावतो का हे आधी पाहावं. ठेंगण्या, देखण्या पेट्यांत ८० मिलिमीटरचे दोन पंखे बसवलेले असतात, त्यांना तेवढ्याच हवेसाठी जास्त पळावं लागतं. शिवाय दोन सारखे पंखे जवळजवळ एकाच वेगाने फिरले की त्यांचे स्वर एकमेकांत मिसळून डोलू लागतात. तंबोऱ्याची जोडी लावताना तारा जुळण्याआधी येतो तसला डोल. नॉक्टुआने २०२४ च्या 'एनएच-डी१५ जी२' कूलरमध्ये दोन पंख्यांचे वेग मुद्दाम ५० फेऱ्यांनी वेगळे ठेवले ते यासाठीच. तो कूलर टीव्हीखालच्या पेटीत मावत नाही, पण त्यामागचा कान दाद देण्याजोगा आहे.

बाकीचे भाग पटकन उरकता येतात. हार्ड डिस्क पेटीत नकोच. सिनेमांचा साठा दुसऱ्या खोलीतल्या नॅसवर आणि इथे फक्त एसएसडी. वीजपुरवठ्याचा एसएमपीएस मात्र जपून घ्यावा. हल्ली बऱ्याच एसएमपीएसचा पंखा कमी भाराला बंद राहतो, याची जाहिरातही जोरात होते. पण मध्येच सुरू होणारा आणि बंद पडणारा पंखा सतत चालणाऱ्यापेक्षा जास्त टोचतो. कानाला बदल कळतो, सातत्य नाही. त्यापेक्षा पंखाच नसलेला एसएमपीएस बरा.

मग सगळा कॉम्प्युटरच बिनपंख्याचा का नको? करता येतो. इंटेलचा २०२३ मधला 'एन१००' प्रोसेसर सहा वॅटचा आहे, तो ॲल्युमिनियमच्या पेटीला उष्णता देऊन निमूट चालतो. माझी नावड दोन कारणांनी. पंखा गेला की मदरबोर्डवरच्या कॉइलची बारीक शीळ उघडी पडते, आणि ती कानाच्या सगळ्यात हळव्या पट्ट्यात येऊ शकते. दुसरं, अशा पेटीत एसएसडी तापत राहतो. पाचशे फेऱ्यांचा एक उच्छ्वास शीळही थोडीफार झाकतो आणि एसएसडीलाही वारा घालतो.

प्रोसेसरच्या वेगाला इथे जवळपास काही अर्थ नाही. तो एचईव्हीसी आणि एव्ही१ हे व्हिडिओचे प्रकार हार्डवेअरमध्येच उलगडतो का, एवढं पाहावं. नाही उलगडले तर सगळं गणित कोअरवर पडतं, पेटी तापते, पंखा धावतो, आणि वर इतकं वाचलेलं पाण्यात जातं. दुसरं पाहायचं ते २३.९७६. घरी पाहायचा सिनेमा बहुधा सेकंदाला नेमक्या २४ नाही, तर इतक्या चौकटींनी येतो. २०११ च्या इंटेल सँडी ब्रिजमधलं ग्राफिक्स पुरे २४ देत असे. फरक केवढा, तर साधारण ४० सेकंदांनी एक चौकट पुन्हा दिसे. कॅमेरा संथ सरकत असताना तो हिसका एकदा कळला की माणूस पुढच्या हिसक्याची वाटच पाहत बसतो. पुढच्या पिढ्यांत हे सुधारलं, तरी जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडणाऱ्याने एकदा तपासावं.

राहता राहिली आपल्याकडची हवा. परदेशी परीक्षणांतली तापमानं बहुधा विशीतल्या खोलीतली असतात. नागपूरच्या मे महिन्यात खोलीच पंधरा अंशांनी वर असते, तेव्हा पेटीतला प्रत्येक भागही जवळपास तेवढाच वर चढतो. सुदैवाने त्या दिवसांत छताचा पंखा किंवा कूलर इतका आवाज करतो, की ८०० फेरे कुणाला कळत नाहीत. बायोसमध्ये पंख्याचे दोन आलेख साठवून ठेवावेत, एक उन्हाळ्याचा, एक हिवाळ्याचा. आणि 'द डिसायपल' डिसेंबरात लावावा.