संपातील तिसरा पक्ष

गिरणीकामगार मराठी वाङ्मयात उशिरा आला असे म्हणता येणार नाही. मामा वरेरकरांनी ‘धावता धोटा’ ही कादंबरी लिहिली तेव्हा १९२८ च्या मुंबईतील दीर्घ संपाची आठवण ताजी होती. पुढे नारायण सुर्वे यांच्या कवितेत तर हा कामगार स्वतःच बोलू लागला. मालकही या वाङ्मयात आहे. बहुधा ढोबळ रेषांत रेखाटलेला, पण आहे. दिसत नाही ते सरकार. वस्तुतः मुंबईच्या संपांचे भवितव्य पुष्कळदा ठरविले ते याच तिसऱ्या पक्षाने.

जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकाचा विचार करताना ही उणीव विशेष जाणवते. नाटकामागे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा संप आहे. प्रश्न केवळ पगारवाढीचा नव्हता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यान्वये मालकांशी बोलणी करण्याचा अधिकार ‘प्रातिनिधिक’ ठरलेल्या एकाच संघटनेस होता, आणि ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. कामगार मात्र दत्ता सामंत यांच्यामागे उभे होते. हा कायदाच रद्द करावा, ही मागणी म्हणून पुढे आली. सरकारने संप बेकायदेशीर मानला आणि मान्यतेच्या प्रश्नाला हात लावला नाही. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही; तो विरत गेला.

या विरण्याचेच नाटक पवारांनी केले आहे. चाळीतल्या एका खोलीत धुरी कुटुंब एकमेकांवर आदळत राहते. एक मुलगा लेखक होऊ पाहतो, एक क्रिकेटमध्ये रमतो, एक गुंडांच्या जगाकडे ओढला जातो. मंत्री किंवा अधिकारी रंगमंचावर येत नाही. आईच्या चिडण्यात आणि मुलांच्या रिकाम्या बडबडीत जी प्रतीक्षा भरून राहिली आहे, तिला बाहेरच्या कोणत्याही दृश्याने बळ आले नसते. येथे नाटककाराचा संयम निःसंशय श्रेष्ठ आहे.

परंतु या संयमाची किंमतही आहे. ज्याला तो कायदा ठाऊक नाही, अशा कोलकात्याच्या किंवा चेन्नईच्या वाचकाला या घराची पडझड मुलांच्या नाकर्तेपणामुळे, फार तर दैवामुळे झाली असे वाटणे शक्य आहे. सरकारी निर्णयाचे असे दैवात रूपांतर होणे कोणत्याही सरकारला सोयीचेच! मालकाला चेहरा देता येतो, कलमाला देता येत नाही, ही अडचण खरी आहे. तरीही कामगाराच्या वतीने कोणी बोलावे, हा त्या कायद्यातला प्रश्न नाट्यास अपरिचित नव्हे. धुरींच्या घरातही प्रत्येक जण दुसऱ्याच्या वतीने बोलतो आणि आईला काय हवे ते कोणी विचारीत नाही. नाटककाराला तो प्रश्न सापडला होता. त्याचे दुसरे टोक मंत्रालयात होते, तेथवर मात्र तो गेला नाही.