डिस्कचे आकडे खरे, पण डबा कुणी मोजला?

फील्डवर्क सुरू करणाऱ्या मुलांकडून हमखास येणारा प्रश्न: "चार डिस्कचा डबा घेतोय, त्यात कोणत्या कंपनीच्या डिस्क टाकू?" डबा म्हणजे हार्डडिस्क एन्क्लोजर. चार कप्पे, मागे पंखा, एक अडॅप्टर आणि लॅपटॉपला जाणारी यूएसबी वायर. प्रश्न विचारणाऱ्याने बहुतेक वेळा डिस्कच्या बिघाडाचे तक्ते वाचलेले असतात, डब्याबद्दल मात्र काहीच नाही. या लेखात त्या तक्त्यांच्या वाचनाविषयी माझी तक्रार आहे.

आधी गरज किती ते पाहू. आमच्या वाशिम जिल्ह्यातलं कारंजा लाड जैन हस्तलिखितांसाठी प्रसिद्ध आहे. रायबहादूर हिरालाल यांच्या 1926 च्या सूचीत इथल्या भांडारांची नोंद आहे. 1931 साली प. ल. वैद्यांनी संपादित केलेलं पुष्पदंताचं 'जसहरचरिउ' कारंजा ग्रंथमालेत निघालं. आज असं काम करायचं म्हटलं की पहिल्यांदा कॅमेरा निघतो. 24 मेगापिक्सेलचा एक फोटो साध्या टिफ फाईलमध्ये सुमारे 72 एमबी होतो. शंभर पानांची पोथी म्हणजे दोनशे बाजू, म्हणजे साडेचौदा जीबीच्या आसपास. मूळ रॉ फाईल ठेवल्या तर वीस धरा. पाचशे पोथ्यांचे झाले दहा टीबी, तेही एकाच प्रतीचे. पेन ड्राइव्हचा खेळ तिथेच संपतो.

आता तक्त्यांकडे. या विषयावरचा सगळ्यात जास्त उद्धृत होणारा निबंध 2007 चा, गूगलच्या पिन्हेइरो, वेबर आणि बारोसो यांचा. एक लाखाहून जास्त डिस्क त्यांनी पाहिल्या. निबंध प्रामाणिक आहे, आणि त्यात धक्कादायक गोष्टीही आहेत. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी स्मार्ट नावाच्या स्वयंतपासणीतल्या चार ठळक खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. शिवाय, तापमान वाढलं की बिघाड वाढतो हा सरसकट समजही त्यांच्या आकड्यांत टिकला नाही.

हे वाचून कुणी म्हणतो, "मग वाशिमच्या उन्हाळ्याची काळजी नको, बिनपंख्याचा डबा चालेल." इथे थांबा! त्यांनी मोजलेला तापमानाचा पट्टा त्यांच्या डेटा सेंटरमधला आहे. मे महिन्यात पारा 43 वर आणि टिनाच्या खोलीत कोंडलेला डबा, हा नमुना त्यांच्याकडे नाहीच. नमुन्याबाहेर निष्कर्ष ताणू नका, हे आपण संशोधन पद्धतीच्या पेपरात लिहितो आणि खरेदी करताना विसरतो.

त्याहून मोठी अडचण व्याख्येची आहे. त्या निबंधात "बिघाड" म्हणजे दुरुस्तीच्या कामात बदलावी लागलेली डिस्क. मोजण्याचं एककच डिस्क आहे. त्यांच्यासाठी ते बरोबर, कारण तिथे एक यंत्र गेलं तर माहिती दुसरीकडे असते आणि वीज सलग असते. आपल्या घरी डिस्कच्या आधी बाकीचंच जातं.

माझंच सांगतो. डब्यातच रेड 5 करणारं मॉडेल मी घेतलं होतं. आठ टीबीच्या चार डिस्क, वापरायला चोवीस टीबी, आणि एक डिस्क गेली तरी चालतं म्हणून मी निर्धास्त. जूनमध्ये वादळात लाईन गेली, आली, पुन्हा गेली. डब्याचा कंट्रोलर मेला. चारही डिस्क ठणठणीत, पण साध्या डॉकला लावल्या तर लॅपटॉप म्हणतो, फॉरमॅट करू का? कारण माहितीची वाटणी कशी केली ते फक्त त्या डब्याला ठाऊक. त्याच मॉडेलचा जुना डबा मिळेपर्यंत पाच आठवडे गेले आणि तोवर प्रबंधाचं काम ठप्प. आता गंमत बघा, गूगलच्या व्याख्येप्रमाणे माझ्याकडे बिघाड शून्य!

म्हणून माझ्या मते डबा निवडताना पहिला प्रश्न वेगाचा नसतो. डबा मेला तर डिस्क त्याच्याशिवाय वाचता येईल का, हे आधी विचारा. याचं उत्तर साध्या, रेड नसलेल्या डब्यात बहुधा "हो" असतं. बहुधा म्हणतो, कारण काही डब्यांतली यूएसबीची चिप सेक्टरचा आकार बदलून दाखवते, तर काही तयार एक्स्टर्नल ड्राइव्हमध्ये चिपच माहिती कुलूपबंद करते. रेड हवंच असेल तर लिनक्समधलं सॉफ्टवेअर रेड घ्या, ते दुसऱ्या लिनक्स संगणकावरही जोडता येतं. पण रेड म्हणजे बॅकअप नाही. चुकून पुसलेली फाईल ते चारही डिस्कवरून इमानदारीत पुसतं. मी आता दोन डिस्कवर दोन वेगळ्या प्रती ठेवतो आणि तिसरी अमरावतीला मित्राच्या खोलीवर.

वेगाचं म्हणाल तर एका डिस्कला सेकंदाला दोनशे एमबी मिळाले की पुष्कळ. तेवढ्यातही आठ टीबी उतरवायला अकरा तास लागतात, म्हणून यूपीएस लागतोच. दाबून चालू करायचं बटण नको, खटक्याचा स्विच बघा. बटणवाले काही डबे लाईन आल्यावर आपोआप सुरूच होत नाहीत आणि तुम्ही गावाला गेलेले असता.

आणि नवा डबा आला की त्याच दिवशी एक डिस्क भरा, फाईलींचे चेकसम काढून ठेवा. मग ती डिस्क बाहेर काढा, दुसऱ्याच कुणाच्या डॉकला लावा आणि चेकसम जुळतात का ते बघा. न जुळल्यास डबा परत करा, परतीची मुदत संपायच्या आत.