‘नैसर्गिक’ पूड आणि चिकित्सेचा अभाव : पशुपक्ष्यांवरील कीडनियंत्रणाविषयीच्या मराठी सल्लालेखनाची समीक्षा

प्रस्तावना

परसातील कुक्कुटपालन आणि घरगुती पशुसंगोपन या विषयांवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. कृषिविषयक मासिके, विस्तारसेवेच्या पुस्तिका, वृत्तपत्रांच्या शेतीविषयक पुरवण्या आणि अलीकडे शहरी वाचकांसाठी निघणारी प्राणिपालनाची हस्तपुस्तके अशी त्याची विविध रूपे आहेत. या लेखनात उवा, पिसवा, गोचीड व त्वचेवरील सूक्ष्म किडी यांचा विषय निघाला की कडुनिंबाची पूड, वेखंड, हळद, करंज, सीताफळाच्या बिया, तंबाखू आणि चुलीतील राख ही नावे जवळजवळ ठरलेल्या क्रमाने येतात. ही द्रव्ये स्वस्त आहेत, सहज मिळतात आणि निर्धोक आहेत, असा निर्वाळाही त्यांच्या जोडीला असतो. यांपैकी पहिली दोन विधाने बहुतांशी मान्य होण्यासारखी आहेत. तिसरे विधान मात्र तपासले जात नाही. प्रस्तुत विवेचन मुख्यतः या तिसऱ्या विधानाविषयी आहे.

मुंबईच्या उपनगरांच्या संदर्भात हा प्रश्न केवळ ग्रंथगत राहत नाही. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ साली गोरेगावजवळ आरे दुग्धवसाहत उभी राहिली. शहरातील म्हशी एका नियोजित परिसरात आणणे हा तिचा हेतू होता. या वसाहतीतील गोठे, तिच्या परिसरातील वारली पाड्यांवरची गावठी कोंबडी, जोगेश्वरी व मालाड भागांतील जुने तबेले आणि अंधेरी-बोरिवलीच्या सदनिकांतील कुत्री-मांजरे यांच्यात काही किलोमीटरांचेच अंतर आहे. एकच सल्ला या सर्वांना सारखाच लागू करण्याची प्रवृत्ती या लेखनात आढळते. तिचे परिणाम इथे एकाच जिल्ह्यात पाहता येतात.

रसायनांविषयीची भीती आणि तिचे कारण

नैसर्गिक पुडीचा पुरस्कार करणाऱ्या लेखकांवर भाबडेपणाचा आरोप करणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्या भूमिकेला इतिहास आहे. ‘गॅमेक्झिन’ हे नाव महाराष्ट्रातील दोन पिढ्यांना परिचित होते. ढेकणांसाठी, मुंग्यांसाठी आणि कोंबड्यांच्या खुराड्यातही ही पांढुरकी पूड सर्रास भुरभुरली जात असे. तिच्यातील बी. एच. सी. हे द्रव्य चरबीत साठते आणि दुधात उतरते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या बहुकेंद्री पाहणीत देशाच्या अनेक राज्यांतील दुधात या गटातील द्रव्यांचे अवशेष आढळले होते. बी. एच. सी.वर भारतात १९९७ साली बंदी आली. त्यानंतर संश्लेषित पायरेथ्रॉइड द्रव्यांचा वापर वाढला, आणि गुरांवरील गोचिडांमध्ये त्यांच्याविरुद्धही प्रतिकारक्षमता निर्माण झाल्याचे देशातील विविध भागांतून नोंदले गेले. अशा स्थितीत पशुपालक जुन्या द्रव्यांकडे वळला तर त्यात नवल नाही.

तथापि पायरेथ्रॉइड द्रव्यांचा उगमच एका नैसर्गिक पुडीत आहे, ही गोष्ट या लेखनात क्वचितच सांगितली जाते. शेवंतीच्या कुळातील एका फुलाची वाळवून केलेली पूड, म्हणजे पायरेथ्रम, एकोणिसाव्या शतकापासून जगभर विकली जात होती. तिच्यातील क्रियाशील घटकांची रचना स्टॉडिंगर व रुझिच्का यांनी १९२४ साली प्रसिद्ध केली. सूर्यप्रकाशात टिकणारे परमेथ्रिन इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे मायकेल एलियट यांच्या गटाने १९७३ साली जगापुढे मांडले. निसर्ग एका बाजूस आणि रसायन दुसऱ्या बाजूस, अशी विभागणी या इतिहासापुढे टिकत नाही. सदनिकेत मांजर पाळणाऱ्या वाचकाला तर ही विभागणी महागात पडू शकते. कुत्र्यावर चालणारी परमेथ्रिनयुक्त पूड मांजराच्या जिवावर बेतते, कारण मांजराच्या यकृताला असे पदार्थ निष्प्रभ करण्याची क्षमता पुरेशी नसते. काही सुगंधी वनस्पतितेलांच्या बाबतीतही मांजराची हीच अडचण आहे. शिवाय अंगावर पडलेले काहीही ते चाटून पोटात घेते.

राख, माती आणि पावसाळा

‘नैसर्गिक पूड’ या एका नावाखाली या लेखनात भिन्न प्रकृतीची द्रव्ये एकत्र येतात. त्यांच्या कार्यपद्धती परस्परांशी जुळत नाहीत. राख, चुन्याची भुकटी आणि डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांच्या अवशेषांपासून बनलेली सिलिकायुक्त माती ही द्रव्ये रासायनिक अर्थाने विष नव्हेत. कीटकाच्या कवचावर मेणाचा एक अतिशय पातळ थर असतो व तो शरीरातील पाणी राखून ठेवतो. हा थर खरवडला वा शोषला गेला की कीटक सुकून मरतो. व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांच्या १९४० च्या दशकातील प्रयोगांनी ही क्रिया स्पष्ट केली.

कोंबडीच्या धूळस्नानाचे महत्त्व येथे लक्षात येते. मोकळी कोंबडी कोरड्या मातीत लोळून पिसे फुगवते, माती त्वचेपर्यंत नेते आणि झटकून टाकते. कॅलिफोर्नियातील मार्टिन व मुलेन्स यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धूळस्नानाच्या पेट्यांमध्ये डायटम माती, केओलिन आणि गंधक ही द्रव्ये ठेवून तुलना करण्यात आली. तिन्हींचा उपयोग झाला, परंतु गंधकाचा परिणाम इतर दोहोंपेक्षा सरस व व्यापक ठरला. पेटी वापरणाऱ्या कोंबड्यांना माती व केओलिन उपयोगी पडले. गंधकाचा लाभ मात्र त्याच कळपातील पेटी न वापरणाऱ्या कोंबड्यांनाही मिळाला. गंधक हे खनिज आहे, म्हणजे ‘नैसर्गिक’च आहे. तरीही मराठी सल्लालेखनात ते अभावानेच आढळते. वनस्पती तेवढी नैसर्गिक, हा समज त्यामागे असावा.

सुकवून मारणारी पूड कोरड्या हवेतच काम करते. मुंबईच्या उपनगरांत जून ते सप्टेंबर या काळात हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. आरेच्या झाडीत आणि बोरिवलीच्या डोंगरउतारांवर खुराडे आठवडेच्या आठवडे दमट राहते. ओलावा शोषलेली राख कीटकाच्या शरीरातील पाणी कसे शोषणार? उलट ओल्या राखेतून क्षार सुटतात आणि ते कोंबडीच्या पायांना व त्वचेला दाह करतात. विदर्भातील मे महिन्यात उपयोगी पडणारा उपाय कोकणपट्टीच्या श्रावणात निरुपयोगी ठरतो. एवढी साधी भौगोलिक नोंदही या पुस्तिकांत नसावी, हा दोष गंभीर मानावा लागेल. पेटी छपराखाली ठेवणे आणि तिच्यातील माती वारंवार बदलणे एवढ्यानेही फरक पडला असता.

याच पुस्तिकांत कीटकाच्या सवयींचाही विचार नसतो. कोंबडीची ऊ आपले सर्व आयुष्य पक्ष्याच्या अंगावरच काढते. तिची अंडी पिसांना चिकटलेली असतात आणि पुडीने ती मरत नाहीत. म्हणून सात ते दहा दिवसांनी पूड पुन्हा लावावी लागते. कोंबडीचा गोचीड मात्र अळीची अवस्था वगळता दिवसभर खुराड्याच्या फटीत दडून बसतो, रात्री बाहेर येऊन रक्त पितो आणि परत जातो. खाद्याशिवाय तो कित्येक महिने जगू शकतो. अशा किडीसाठी पक्ष्याच्या अंगावर कितीही पूड चोळली तरी ती व्यर्थ आहे. उपाय फटीत करावयाचा असतो. खुडूक बसलेल्या कोंबडीला धूळस्नानासाठी फारसा वेळ मिळत नाही, त्यामुळे तिच्याकडे वेगळे लक्ष द्यावे लागते, हे पाड्यावरील कोणतीही अनुभवी स्त्री जाणते. ‘किडींवर पूड टाकावी’ असे सांगणाऱ्या लेखकाला ते ठाऊक नसते.

वनस्पतिज विषांचा प्रश्न

कडुनिंबाच्या बाबतीत अतिशयोक्ती सर्वाधिक आहे. त्यातील अझाडिरेक्टिन हे द्रव्य १९६८ साली वेगळे करण्यात आले. ते कीटकाची भूक मारते आणि त्याच्या कात टाकण्याच्या प्रक्रियेत अडथळा आणते. चटकन ठार करणे हे त्याचे काम नव्हे, आणि उन्हात ते लवकर नष्ट होते. पाने कुरतडणाऱ्या अळीसाठी हे गुण मोलाचे आहेत. त्वचेत सोंड खुपसून रक्त पिणाऱ्या गोचिडाच्या पोटात अंगावरची पूड जातेच असे नाही. निंबावरील युरोपीय स्वामित्वहक्काचा २००० साली झालेला पराभव हा अभिमानाचा विषय होता. तो विजय पारंपरिक ज्ञानाच्या मालकीविषयी होता. निंबाच्या पुडीचा प्रत्येक दावा त्याने सिद्ध होत नाही.

सीताफळाच्या बियांविषयी अधिक कठोर लिहावे लागते. त्यांच्यातील अॅसिटोजेनिन द्रव्ये पेशींच्या श्वसनक्रियेवरच आघात करतात. त्यांचा कीटकनाशक गुण त्यातूनच येतो. ही पूड डोळ्यांत गेल्यास पारपटलाला इजा होते. डोक्यातील उवांसाठी ती वापरल्यामुळे डोळे दुखावल्याच्या घटना भारतीय नेत्रतज्ज्ञांनी नोंदविल्या आहेत. कोंबडी पंख झटकते, तेव्हा ती पूड कोंबडीच्या व तिला धरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत जाणे अगदी स्वाभाविक आहे. हे काम घरात बहुधा स्त्रिया आणि मुले करतात. तंबाखूतील निकोटिन त्वचेतूनही शोषले जाते. वेखंडातील बीटा-असारोन उंदीरवर्गीय प्राण्यांत कर्करोगकारक ठरले आणि अमेरिकेने १९६८ सालीच खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास मनाई केली. याचा अर्थ ही द्रव्ये त्याज्य आहेत असा नाही. ती औषधे आहेत, म्हणून त्यांना मात्रा, मुदत व सावधगिरीची सूचना लागते. ‘मूठभर’ आणि ‘थोडीशी’ ही मापे स्वयंपाकात चालतात.

निर्धोकतेच्या कल्पनेचा बाजार कसा गैरफायदा घेतो, हे २०१७ साली युरोपात दिसले. नेदरलँड्स व बेल्जियममधील कोंबड्यांच्या शेडमध्ये तांबड्या किडीविरुद्ध वनस्पतितेलांचे म्हणून एक उत्पादन वापरले गेले. त्यात फिप्रोनिल हे खाद्यप्राण्यांसाठी निषिद्ध असलेले रसायन मिसळलेले निघाले आणि लक्षावधी अंडी नष्ट करावी लागली. तेथे अंड्यांची तपासणी करणारी यंत्रणा होती, म्हणून हा प्रकार उघडकीस आला. परसातील अंडे कोणत्याही प्रयोगशाळेत जात नाही.

संकलन आणि परीक्षण

पारंपरिक पशूपचारांच्या संकलनाचे काम महाराष्ट्रात गांभीर्याने झाले आहे. पुण्यातील ‘अँथ्रा’ या संस्थेने पशुपालक स्त्रियांचे ज्ञान नोंदविले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २००२ पासून देशी तंत्रज्ञानाच्या सूचीचे खंड प्रसिद्ध केले. मात्र लोकप्रिय लेखन या संकलनांतून द्रव्याचे नाव तेवढे उचलते आणि त्याभोवतीचा तपशील गाळते.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसारित केलेली गोचिडांवरील कृती या दृष्टीने उद्बोधक आहे. लसूण, कडुनिंबाची पाने व फळे, दहा ग्रॅम वेखंड, वीस ग्रॅम हळद, घाणेरीची पाने आणि तुळस वाटून, एक लिटर पाण्यात कालवून, गाळून ती जनावरावर फवारावयाची आहे. ही पूड नव्हे, द्रव आहे. तो गोठ्याच्या फटींतही फवारावा, दिवसाच्या उष्ण प्रहरी वापरावा आणि दर आठवड्याला पुन्हा करावा, असे त्यात सांगितले आहे. ज्यांनी ही कृती रचली त्यांना गोचीड ठाऊक होता. पानांचे प्रमाण येथेही मुठीनेच दिलेले आहे, ही तिची उणीव. घाणेरी आरेमध्ये व राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने हवी तितकी मिळते. पण ती खाल्ल्यास गुरांच्या यकृतास इजा होते आणि उन्हात त्यांची कातडी सोलवटते. वाटून उरलेला चोथा गव्हाणीजवळ टाकू नये, एवढे एक वाक्य तिच्यात जोडणे आवश्यक आहे.

मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून या शहरात आहे आणि त्याचा एक परिसर आरेमध्येच आहे. पाड्यांवरील खुराडी तेथून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. एकाच पावसाळ्यात राख, गंधक आणि निंबाची पूड यांची अशा खुराड्यांतून तुलना करणे, काहीही न लावलेली काही खुराडी ताडून पाहण्यासाठी ठेवणे आणि उवांची गणना दर आठवड्याला नोंदविणे, हे पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातील काम आहे. खुराडे शेणामातीने लिंपण्याचा ग्रामीण प्रघातही त्या तुलनेत घेतला पाहिजे. लिंपणाने फटी बुजतात आणि गोचिडाला दिवसा दडण्यास जागा उरत नाही. तरीही त्याला आजवर स्वच्छता म्हटले गेले, कीडनियंत्रणाच्या यादीत त्याचा समावेश झाला नाही.